कप्तानाचा शब्द, साखळीची कोठडी आणि २५,००० डॉलरचा निकाल : 'द घोस्ट शिप' (१९४३) चा प्रकरण अभ्यास

भुताच्या अपेक्षेने 'द घोस्ट शिप' बघायला बसलं तर ६९ मिनिटांत एकही भूत भेटत नाही. भेटतो तो 'ऑल्टेअर' नावाच्या मालवाहू जहाजाचा कप्तान विल स्टोन. तो आपल्याच खलाशांचे जीव घेतो. हे ओळखणारा एकटा माणूस म्हणजे नुकताच रुजू झालेला थर्ड ऑफिसर टॉम मेरियम. तो कानीकपाळी ओरडतो, पण जहाजावर त्याचं कोणी ऐकत नाही. आरकेओ रेडिओ पिक्चर्स या हॉलिवूडच्या स्टुडिओने डिसेंबर १९४३ मध्ये हा चित्रपट आणला. त्यावर कथाचोरीचा दावा लागला, निकाल स्टुडिओच्या विरोधात गेला आणि चित्रपट जवळजवळ पन्नास वर्षं लोकांच्या नजरेआड राहिला.

हातात पैसा नसताना बंद स्टुडिओत समुद्रावरचं गुन्हेगारी नाट्य कसं उभं राहिलं, हा या प्रकरणाचा एक भाग. ज्या एका कल्पनेवर ते उभं राहिलं तीच कोर्टात कशी अंगाशी आली, हा दुसरा. आमच्या मते हे दोन्ही भाग सुटे करून बघता येत नाहीत. समुद्रावर कप्तानाचा शब्द शेवटचा असतो आणि तोच खुनी निघाला तर दाद मागायला जागाच उरत नाही, ही ती कल्पना. चित्रपटाचं बळ तिच्यात आहे, आणि ज्यूरीपुढे मोजमाप झालं तेही तिचंच.

नेपथ्य आधी, कथा मागाहून

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' आणि 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' या दोन चित्रपटांत आरकेओचे हात पोळले होते. १९४२ मध्ये निर्मितीची सूत्रं चार्ल्स कर्नर यांच्याकडे आली. कमी खर्चात खात्रीचा गल्ला, हे त्यांचं धोरण होतं. भयपटांचा स्वतंत्र विभाग काढून त्यांनी तो व्हॅल ल्यूटन यांच्याकडे सोपवला. ल्यूटन त्याआधी निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्याकडे कथा विभागात होते. त्यांना अटी घातल्या गेल्या त्या अशा : खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत आणि चित्रपटाचं नाव स्टुडिओ देणार. नाव आधी ठरे, मग त्या नावाला साजेशी कथा शोधायची. 'कॅट पीपल' (१९४२) असाच निघाला आणि जोरात चालला.

'द घोस्ट शिप'च्या वेळी नावाच्या जोडीला नेपथ्यही आधीच ठरलेलं होतं. 'पॅसिफिक लायनर' (१९३९) या चित्रपटासाठी बांधलेलं जहाजाचं नेपथ्य आरकेओच्या स्टुडिओत उभं होतं. त्यावर काहीतरी काढा, असं ल्यूटनना सांगण्यात आलं. त्यांना स्वतःला समुद्राची आणि नौकांची ओढ होती, त्यामुळे हे काम त्यांच्या आवडीचं निघालं. मूळ कथा लिओ मिट्लर यांची, पटकथा डोनाल्ड हेंडरसन क्लार्क यांची. दिग्दर्शन मार्क रॉबसन यांचं; ते ल्यूटनच्या आधीच्या चित्रपटांचे संकलक होते आणि 'द सेव्हन्थ व्हिक्टिम'पासून दिग्दर्शनात आले होते. छायालेखक निकोलस मुसुराका. कप्तानाच्या भूमिकेत रिचर्ड डिक्स, मूकपटांच्या काळापासूनचा मोठा नट. त्याची चलती तेव्हा ओसरली होती, पण चेहऱ्यावरचा दरारा शाबूत होता. तो दरारा या भूमिकेला नेमका हवा होता.

तयार नेपथ्यावर लिहायचं म्हणजे काय, हे कमी खर्चात काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं. आपल्याकडे कथा लिहून होते आणि मग जागा शोधत फिरतात. इथे उलट झालं. डेक आहे, ब्रिज (जहाज चालवायची जागा) आहे, अधिकाऱ्यांच्या केबिनी आहेत, अरुंद जिने आहेत, रेडिओची खोली आहे. मग प्रत्येक जागेवर काय घडू शकतं ते बघायचं आणि ते प्रसंग एका माणसाच्या स्वभावात ओवायचे. म्हणून या चित्रपटात जागा वाया गेलेली दिसत नाही. केबिनचं दार, रेडिओची खोली, साखळीची कोठडी, मालाचा आकडा, प्रत्येकाला कथेत काम आहे.

समुद्र मात्र फारच थोडा दिसतो. रात्र आणि धुकं यांनी तो झाकलेला आहे. पाणी दाखवायचं म्हणजे टाकी हवी किंवा मागच्या पडद्यावर चालता समुद्र टाकायला हवा, आणि दोन्हींना पैसा लागतो. मुसुराकांनी एका बाजूने येणारा प्रकाश, लांब सावल्या आणि बाकी काळोख एवढ्यावर भागवलं. प्रकाश कमी ठेवला की जुन्या नेपथ्याचे सांधेही लपतात. पण काळोखाचा खरा फायदा कथेला झाला : कठड्यापलीकडे काही दिसतच नसल्याने पळून जायला वाट नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

खुनाच्या आधीचे तीन प्रसंग

स्टोन खुनी आहे हे चित्रपट एकदम सांगत नाही. आधी तो माणूस कसा आहे हे तीन प्रसंगांतून दाखवतो, आणि तिन्ही प्रसंग जहाजाच्या कामकाजातून आलेले आहेत.

पहिला प्रसंग पतंगाचा. केबिनमध्ये आलेल्या पतंगाला मेरियम मारायला जातो, तेव्हा कप्तान त्याला अडवतो. या जिवाची सुरक्षितता तुझ्यावर अवलंबून नाही, म्हणून त्याला मारायचा तुला हक्क नाही, असं त्याचं म्हणणं. पहिल्यांदा ऐकताना हे दयाळूपणाचं वाटतं. पुढे याच विचाराचा दुसरा अर्थ समोर येतो : खलाशांची सुरक्षितता माझ्यावर आहे, म्हणजे त्यांच्या जिवावर माझा हक्क आहे. एका साध्या संवादात खुन्याचं सगळं तर्कशास्त्र मांडून ठेवलेलं आहे.

दुसरा प्रसंग आकड्याचा. माल चढवण्या-उतरवण्याच्या डेरिकला लोखंडी आकडा लोंबत असतो. काम संपलं की तो डेकवरच्या कडीत अडकवून दोराने आवळायचा, ही कुठल्याही जहाजावरची साधी शिस्त. ऑल्टेअरवर आकड्याला नुकताच रंग दिलेला असतो. मेरियम तो बांधून घ्यायचं सुचवतो. ओला रंग खराब होईल म्हणून कप्तान नको म्हणतो. रात्री जहाज डोलायला लागतं आणि तो अवजड आकडा मोकळा सुटून डेकभर झोके घेतो. वाटेत येईल ते फोडतो. अंधारात खलाशी दोर टाकून त्याला पकडायला धडपडतात.

कोणाही नाविकाला यातली चूक लगेच कळेल. टांगलेलं वजन जहाजाच्या डोलण्याच्या लयीशी जुळलं की प्रत्येक हेलकाव्यागणिक झोका मोठा होत जातो. तो वाढू लागल्यावर माणसाच्या बळाने थांबत नाही. म्हणूनच तो सुरू व्हायच्या आधी बांधायचा असतो. कप्तानाला हे ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? त्याला रंग जपायचा होता, टापटीप जपायची होती आणि एकदा तोंडातून गेलेला हुकूम फिरवायचा नव्हता. इथे कोणी मरत नाही, तरी या माणसाच्या हाती चाळीस जीव काय आणि एक काय, सुरक्षित नाहीत हे आपल्याला कळून चुकतं.

तिसरा प्रसंग शस्त्रक्रियेचा. एका ग्रीक खलाशाला अपेंडिक्सचा त्रास होतो. डॉक्टर नाही, बंदर दूर. किनाऱ्यावरचा डॉक्टर रेडिओवरून एकेक पायरी सांगतो आणि सुरी कप्तानाने चालवायची असते, कारण जहाजावर उपचाराची जबाबदारी त्याचीच. स्टोनचा हात उठत नाही. मेरियम सुरी घेतो, अपेंडिक्स काढतो, खलाशी वाचतो. कप्तानाची लाज राखायला मेरियम रेडिओ ऑफिसरला गप्प राहायला सांगतो आणि श्रेय कप्तानाला जातं.

त्या काळच्या प्रेक्षकाला हा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटला नसावा. सप्टेंबर १९४२ मध्ये अमेरिकन पाणबुडी 'सीड्रॅगन'वर औषधांचं काम बघणाऱ्या एका नौसैनिकाने खरोखरच अशी शस्त्रक्रिया केली होती. जखम उघडी धरायला वाकवलेले चमचे वापरले होते. ती बातमी वर्तमानपत्रांतून गाजली होती. पण पटकथेतली मेख वेगळीच आहे. मेरियमच्या या एका चांगुलपणाने त्याचाच गळा आवळला जातो. पुढे चौकशीत तोच ग्रीक खलाशी उभा राहतो आणि कप्तानाने माझा जीव वाचवला म्हणून सांगतो. नायकाने स्वतःच्या हाताने आपल्याविरुद्धचा साक्षीदार तयार करून ठेवलेला असतो. इतकी घट्ट बांधणी मोठ्या खर्चाच्या पटकथांतही क्वचित सापडते.

साखळीची कोठडी

चित्रपटातला सर्वांत लक्षात राहणारा प्रसंग हा, आणि तो नीट समजायला जहाजाच्या नाकाडाकडची रचना माहीत हवी.

नांगर वर ओढताना साखळी बाहेरच्या नळातून डेकवर येते, विंडलास नावाच्या यंत्राच्या खाचांच्या चाकावरून फिरते आणि दुसऱ्या उभ्या नळातून खाली साखळीच्या कोठडीत पडते. जुन्या जहाजांवर ही कोठडी रुंद आणि बसकी असे. वरून पडणारी साखळी एकाच जागी ढीग करते, ढीग कलंडतो आणि पुढच्या वेळी नांगर टाकताना साखळी गुंतून अडकते. ते टाळायला एक माणूस खाली उतरून आकडीने साखळी ओढून थराथरात लावत असे. नंतरच्या जहाजांत कोठड्या खोल आणि अरुंद करण्यात आल्या, म्हणजे साखळी आपोआप नीट बसते आणि माणूस उतरवावा लागत नाही.

वजनाचा अंदाज असावा. ५० मिलिमीटर जाडीच्या कड्यांची नांगरसाखळी मीटरमागे साधारण ५५ किलो भरते. साखळी मोजायचं माप म्हणजे शॅकल, २७.५ मीटरचं. असं एक शॅकल खाली आलं तरी दीड टन लोखंड झालं, आणि नांगराला अशी अनेक शॅकल जोडलेली असतात. विंडलास ती सावकाश आणते, पण थांबवायला वरच्या माणसाने ब्रेक लावावा लागतो. वरच्या माणसाला खालचा दिसत नाही आणि यंत्राच्या खडखडाटात ऐकूही येत नाही. कोठडीत माणूस असताना कोठडीच्या दाराशी आणि विंडलासपाशी निरोप पोचवणारी माणसं उभी करायची असतात, ती याचसाठी. (कोठडी बंद असतानाही घातक असते. ओलं लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं, म्हणून आज हवा तपासल्याशिवाय तिथे कोणाला उतरू देत नाहीत.)

आता प्रसंग. ऑल्टेअरवर दोन माणसं कमी पडलेली आहेत. लुई नावाचा खलाशी कप्तानाकडे जाऊन सांगतो की जवळच्या बंदरात थांबून माणसं घ्यावीत. या भूमिकेत लॉरेन्स टिअर्नी आहे, जो दोनच वर्षांत गुंडांच्या भूमिकांनी नावारूपाला आला. लुईची मागणी रास्त आहे, बोलणं अदबीचं आहे. कप्तान शांतपणे म्हणतो, काही कप्तान अशी गोष्ट मनात धरून ठेवतील. बस, एवढंच. पुढे लुई कोठडीत साखळी लावत असतो. कप्तान येतो, आत बघतो, लोखंडी दार लावतो, कडी घालतो आणि निघून जातो. साखळी येतच राहते. लुई दार बडवतो, ओरडतो. वर कोणाला काही कळत नाही.

या खुनात खुन्याने काय केलं? एक दार लावलं. जहाजावर दारं लावणं हे शिस्तीचं काम आहे. हत्यार जहाजानेच पुरवलं, साक्षीदार यंत्राच्या आवाजाने बहिरे केले आणि उरला तो 'अपघात', ज्याची नोंद लॉगबुकात कप्तानच करणार. १९४३ च्या सेन्सॉरच्या नियमांत खून तपशिलात दाखवायला मनाई होती. इथे रक्ताचा थेंब नसताना घशाला कोरड पडते, कारण आपल्याला काय होणार हे ठाऊक असतं आणि साखळीची गती बदलत नाही. रॉबसनचं संकलकाचं शिक्षण इथे उपयोगी पडलं. माणूस, साखळी, दार, एवढ्याच गोष्टी आलटून पालटून दाखवत त्यांनी वेळ ताणला आहे.

गुन्हेगारी नाट्य लिहिणाऱ्यांनी यातून घ्यायची गोष्ट आमच्या मते ही : खुनाची पद्धत त्या जागेच्या रोजच्या कामातून यावी. बाहेरून आणलेलं विष किंवा पिस्तूल जहाजावर तेवढं भेडसावत नाही.

विश्वास न बसण्याची व्यवस्था

दुसऱ्या अर्ध्या भागात खरा ताण आहे. सॅन सेबास्टियन या काल्पनिक कॅरिबियन बंदरात (ल्यूटननी हेच बेट 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी'तही वापरलं होतं) कंपनीच्या एजंटपुढे चौकशी होते. खलाशी एकामागून एक कप्तानाच्या बाजूने बोलतात. कोणी खोटं बोलत नाही, कोणी विकला गेलेला नाही. त्यांनी जे पाहिलं तेच सांगतात, आणि त्यांनी फार थोडं पाहिलेलं असतं. मेरियम जहाज सोडतो. पण बंदरातल्या मारामारीत बेशुद्ध पडतो आणि त्याचे सोबती भलेपणाने त्याला उचलून परत ऑल्टेअरवर आणून टाकतात. शुद्धीवर येतो तेव्हा जहाज समुद्रात.

यानंतरची योजना फार बारकाईची आहे. मेरियम आता अधिकारी नाही, नुसता जहाजावरचा एक माणूस आहे. त्याच्या केबिनला कुलूप लागत नाही. हत्यारांच्या कपाटापाशी कप्तान त्याला गाठतो, पण मारत नाही. उलट आव्हान देतो की जा, माझ्या माणसांना पटवून बघ. तो जातो. सगळे तोंड फिरवतात. खुन्याने स्वतः परवानगी द्यावी आणि ती वापरूनही काही साधू नये, यापेक्षा मोठी कोंडी कुठली?

कोंडी फुटते ती कागदाने. मेरियम जहाजावर आहे का, अशी विचारणा बिनतारी संदेशाने येते. रेडिओ ऑफिसर कप्तानाच्या हुकमतीखाली असतो, त्याच्या संमतीशिवाय संदेश पाठवायचा नसतो. कप्तान लिहून देतो की मेरियम इथे नाही. आजवर अविश्वास दाखवणाऱ्या रेडिओ ऑफिसरच्या हाती प्रथमच कप्तानाचा लेखी खोटेपणा लागतो. तो मेरियमला कागद दाखवतो, आणि लवकरच 'लाटेने वाहून गेला' अशी त्या रेडिओ ऑफिसरची नोंद होते. जाता जाता त्याच्या हातून पडलेला तो कागद फिन नावाच्या मुक्या खलाशाला सापडतो. फिनला वाचता येत नाही. तो कागद फर्स्ट ऑफिसर बाउन्सपर्यंत पोचवतो. फर्स्ट ऑफिसरच्या मनात शंका आली की अर्धं जहाज बदलतं, कारण डेकवरची माणसं त्याच्या शब्दाने चालतात. शेवटी औषध देऊन बांधून ठेवलेल्या मेरियमवर कप्तान सुरी घेऊन येतो आणि फिन आडवा येतो. बंद केबिनमध्ये झटापट चालू असताना बाहेर खलाशांचं गाणं चालू असतं. ते गाणारे सर लॅन्सलॉट हे त्रिनिदादचे कॅलिप्सो गायक.

दोष आहेतच. बंदरातला भाग ढिला आहे. कप्तानावर जीव असलेल्या एलनचं पात्र त्याच्या मनाची घालमेल बोलून दाखवायला आणल्यासारखं वाटतं. जे डिक्सचा चेहरा सांगतो तेच ती पुन्हा शब्दांत सांगते. मुक्या फिनचे मनातले विचार आवाजातून ऐकवण्याची युक्ती पहिल्यांदा चकित करते, पण फिनचं गूढ ती कमी करते. आणि शेवट घाईत उरकला आहे. ७५ मिनिटांच्या मर्यादेत सहा मिनिटं शिल्लक होती, ती फर्स्ट ऑफिसरच्या मनपालटाला दिली असती तर बरं झालं असतं.

कोर्टात काय ठरलं

सॅम्युअल गोल्डिंग आणि नॉर्बर्ट फॉकनर या दोघा नाटककारांनी 'द मॅन अँड हिज शॅडो' हे नाटक लिहिलं होतं. जहाजाचा कप्तान खुनी, ते ओळखणारा एकच माणूस आणि कप्तानाच्या अधिकारापुढे त्याची असहायता, हा त्याचा विषय. नाटकाची संहिता त्यांनी ल्यूटनच्या कचेरीकडे पाठवली होती. चित्रपट आल्यावर त्यांनी दावा लावला. आपण ते नाटक वाचलंच नाही, ही ल्यूटनची भूमिका. ज्यूरीने नाटककारांच्या बाजूने २५,००० डॉलरचा निकाल दिला आणि १९५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दीड लाखांत बनलेल्या चित्रपटाच्या खर्चाचा हा सहावा हिस्सा झाला.

नाटक छापून प्रसिद्ध झालेलं नव्हतं, म्हणून दावा लेखकाच्या अप्रकाशित साहित्यावरच्या मालकीचा होता. अशा दाव्यात तीन गोष्टी बघतात : कृती वादीची आहे का, प्रतिवादीच्या हाती ती लागण्याची संधी होती का, आणि दोन्हींत साम्य किती. नक्कल करताना कोणी बघत नाही. म्हणून संधी आणि साम्य एकत्र आले की ज्यूरी नक्कल झाल्याचा निष्कर्ष काढू शकते. या खटल्यात संधीचा पुरावा संहिता पाठवली गेली तिथेच उभा राहिला. 'वाचलं नाही' हे सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं.

साम्याच्या बाबतीत भांडण संवादांच्या चोरीचं नव्हतं. न्यायालयाने नाटकाच्या नाट्यमय गाभ्याला मालमत्ता मानलं. गाभा म्हणजे नुसती 'जहाजावर खून' ही कल्पना नव्हे. ती कोणाचीही आहे. अधिकार असलेला खुनी, ओळखणारा एकाकी माणूस आणि त्या दोघांमधला उघड सामना, या सगळ्यांची विशिष्ट गुंफण हा गाभा. आमचं मत विचाराल तर निकाल कडक आहे. आकडा, साखळी, शस्त्रक्रिया, मुका साक्षीदार, यांतून चित्रपटाने स्वतःचं असं बरंच उभं केलं होतं. पण ज्यूरीने सर्वसामान्य प्रेक्षकाच्या नजरेने बघायचं असतं, आणि त्या नजरेला कोंडी आधी दिसते, आकडा मागाहून.

परिणाम दूरवर गेले. चित्रपट वितरणातून काढून घेतला गेला. पुढे ल्यूटनचे बाकीचे भयपट टीव्हीवरून नव्या पिढीला भेटले, हा एक राहून गेला. ल्यूटन मार्च १९५१ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. चित्रपट पुन्हा दिसू लागला तो १९९० च्या दशकात, आणि २००५ मध्ये त्यांच्या भयपटांच्या डीव्हीडी संचात 'द लेपर्ड मॅन'च्या जोडीने आला.

हाच खटला आपल्याकडे असता तर

आपल्याकडचा मापदंड १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात आहे. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक १९५४ मध्ये दिल्लीत रंगमंचावर आलं. चित्रपट काढायचा म्हणून त्याबद्दल निर्मात्यांशी बोलणं झालं, आणि १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. दोन्हींत प्रांतवादाचा विषय होता. सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाचा हक्क नाही; हक्क मांडणीवर आहे. दुसरी कृती बघून सामान्य प्रेक्षकाला ही पहिलीची नक्कलच आहे असं निःसंशय वाटलं पाहिजे. 'न्यू दिल्ली'त हुंड्यासारखे वेगळे विषय होते आणि फरक पुष्कळ होते, त्यामुळे तसं वाटण्यासारखं नाही, असं ठरलं. तिथेही संहिता निर्मात्यांपर्यंत पोचलेली होती, तरीही. या कसोटीवर 'द घोस्ट शिप' बहुधा सुटला असता.

तरी संहिता हाताळणाऱ्या निर्मात्यांनी आणि एकांकिका, नाटकं, पटकथा लिहिणाऱ्यांनी कागद नीट ठेवणं दोन्ही देशांत सारखंच गरजेचं आहे. लेखकाने बाड देण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंद करावी, नोंदीची तारीख जपावी आणि संहिता प्रत्यक्ष देण्यापेक्षा ई-मेलने पाठवावी, म्हणजे कोणाला कधी पोचली याचा पुरावा आपोआप राहतो. दोन पानांच्या सारांशावर विसंबू नये. आपल्या कायद्यात मांडणीला संरक्षण आहे, म्हणून दृश्यवार पटकथा नोंदवावी. निर्मात्याने न मागवलेलं बाड उघडूच नये. आवक नोंदवहीत तारीख, पाठवणाऱ्याचं नाव आणि 'न उघडता परत' असा शेरा लिहून त्याच दिवशी परत करावं. वाचायचं असेल तर आधी लेखी संमतीपत्र घ्यावं, आणि वाचणाऱ्याने त्याच विषयावरच्या स्वतःच्या लेखनापासून दूर राहावं. स्वतःची कथा चालू असेल तर तिचे सगळे खर्डे तारखांसकट ठेवावेत. तयार नेपथ्यावरून कथा सुचली असेल तर नेपथ्याच्या पाहणीच्या नोंदी, फोटो आणि त्यावरून प्रसंग कसे सुचत गेले याची टिपणंही ठेवावीत. साखळीच्या कोठडीसारखा प्रसंग कुठून आला हे दाखवणारा एक दिनांकित कागद अशा वेळी वकिलाच्या दहा पानांपेक्षा जास्त कामाला येतो.